कुठं उभं राहायचं

रद्दीच्या गठ्ठ्यात ते पुस्तक आलं होतं,
पाठ उसवलेली, अक्षरं चिनी, चित्रं मात्र शाबूत.
अशोक चौकातल्या दुकानात काटा मी सांभाळते,
मालकाला विचारून अर्ध्या किलोच्या भावानं घरी आणलं.

नान्नांनी चष्मा शोधला नाही,
सरळ पान नाकाला लावलं.
बेचाळीस वर्षं जकार्डचे पुठ्ठे पाडलेले डोळे,
ते चित्र बघत नाहीत, भोकं मोजतात.

एका बादशहानं म्हातारपणासाठी बांधून घेतलेली खोली.
छतभर रेशीम ताणलेलं, त्यावर रंगवलेला वेल,
जांभळे घोस लोंबतायत, एक पाकळी खाली येत नाही.
भिंतीवर कुंपण, तेही रंगातलं.
कुंपणाला गोल दार,
दारापलीकडं एक पांढरा पक्षी मान वळवून पंख विंचरतोय.
मी मोबाईलवर शोधत शोधत सांगत होते.
वर पत्रा तापून टकटक करत होता, एप्रिलचे तीन वाजलेले.

"खरंखुरं लाकूड रंगवून त्याचा बांबू केलाय."
अम्माच्या बोटातला दोरा थांबला,
निम्मी विडी तशीच.
"का गं, राजाला बांबू मिळंना झाला?"
आणि इतकी हसली की सुपातला जर्दा उडाला,
मग सगळेच शिंकलो.

"पडद्यावर भरतकाम आहे, नान्ना.
दोन्हीकडून सारखं. उलटी बाजूच नाही."
हे ऐकून ते उठले.
ट्रंक ओढली, वरची लग्नपत्रिका, रेशनकार्ड, एक्स-रे बाजूला,
तळातून चादर काढली. ऐंशी सालची, त्यांच्या हातचं डिझाईन,
घडीवर पिवळी पडलेली.
झटकली. इकडून लाल मैदानात पांढरा मोर,
तिकडून पांढऱ्या मैदानात लाल.
"आपल्याला तरी कुठं उलटी बाजू हाय?
इकडं दिवस, तिकडं रात्र. बस."
कोपऱ्यातल्या लेबलवर मालकाचं नाव,
खाली चार आकडी फोन नंबर.

"वेल कुणी काढला, लिहिलंय?"
मला सापडलं नाही.
त्यांनी मान हलवली, पावती मिळाल्यासारखी.

"आणि राहिला का तो तिथं?"
नाही. गादी सोडली म्हणाला, पण कारभार सोडवेना.
खोली वाट बघत बसली.
नान्ना बराच वेळ गप्प.
त्यांचा माग भंगारात किलोवर गेला, त्या दिवशीही असेच गप्प होते;
मालकानं घड्याळ दिलं होतं, ते अजून पाच मिनिटं पुढं पळतं.
मग म्हणाले,
"बिचाऱ्याला सुट्टी घेता आली नाही."
कुणाबद्दल, ते विचारायचं राहून गेलं.

पुस्तकात एक गोष्ट होती, ती मी शेवटी सांगितली:
तो वेल सगळीकडून खरा दिसत नाही.
जमिनीवर एकच जागा असते, तिथं उभं राहायचं,
की घोस सरळ डोक्यावर येतात.
दोन पावलं सरकलं की छत आपलं छत.

सकाळी उठले तर नान्ना खुर्चीवर चढलेले,
तोंडात चार खिळे, हातात चादरीचं टोक.
मोर पत्र्याखाली पसरला, मधे जरा झोळ पडला.
खाली उतरून ते घरभर फिरले,
दहा बाय बाराच्या खोलीत फिरण्यासारखं जेवढं आहे तेवढं.
दाराशी थांबले. मोरीशी थांबले.
एक डोळा मिटून, पुठ्ठा उजेडात धरावा तसे वर बघत.
शेवटी अम्मासमोर येऊन उभे.

"काय?" अम्मा म्हणाली. "हजार पुऱ्या व्हायच्यात आज."
"जागा ही हाय," नान्ना म्हणाले.
तिनं वर बघितलं नाही.
सूप तेवढं
वीतभर सरकवलं.